अफू नव्हे, चिकालोते

पोसो ओंदोच्या बसथांब्यावर जिची खानावळ होती त्या देल्फिना एगुरोलाला, म्हणजे सगळ्यांच्या दोन्या फिनाला (आमच्याकडे बाईला मानानं दोन्या म्हणतात), चिकालोतेचं झाड डोळ्यांसमोर नको असायचं. आणि नेमका तिच्याच घरामागचा उतार दर मार्चमध्ये त्या झाडांनी भरून जायचा. कमरेएवढी उंची, निळसर राखाडी पानं, पानांवर काटे, देठावर काटे, कळीलासुद्धा तीन शिंगं, आणि त्या सगळ्या काट्यांच्या वर पंजाएवढी पांढरीशुभ्र फुलं, चुरगळून उलगडलेल्या पातळ कागदासारखी. बसमधून उतरणारे शहरी लोक तोंडाचा आ करून फोटो काढायचे.

"सुंदर ना?" फिना तव्यामागून म्हणायची. "मग घेऊन जा सगळं. मुळासकट न्या. वरून कॉफी पाजते."

कोणी नेत नसे. वारा सुटला की वाळत घातलेल्या चादरी उडून त्याच उतारावर जायच्या आणि तिथे काट्यांना घट्ट धरून बसायच्या. कोंबड्या पायांत काटे घेऊन यायच्या. जगातलं सगळं खाणारी बकरी, पण तीही चिकालोतेकडे बघून मान फिरवायची. मधूनच एखादी म्हातारी डोळ्यावर पडदा आलाय म्हणून त्याचा पिवळा चीक मागायला यायची. फिना तिला दारातूनच परत पाठवायची. "डोळा हवाय ना? मग डॉक्टरकडे जा. आमच्या आजीनं हाच चीक मावशीच्या डोळ्यात घातला होता. मावशी मरेपर्यंत एका डोळ्यानं सगळ्यांवर नजर ठेवून होती."

चौसष्ट वर्षांची होती ती तेव्हा. एकतीस वर्षं खानावळ चालवत होती. कोपरापर्यंत हात भरेल एवढ्या मोठ्या, पलीकडचं दिसेल इतक्या पातळ टोर्टिया, म्हणजे गव्हाच्या पोळ्या, ती थापायची, सोबत घेवड्याची भाजी, वाळवलेलं कुटलेलं मांस अंड्यात परतून, आणि वाटीत चिल्तेपिनच्या गोल गोल मिरच्या. ड्रायव्हर लोक तिच्या शिव्या ऐकायलाही थांबतात असं ती स्वतःच सांगायची.

तिच्यासोबत राहायचा तो सहा वर्षांनी लहान भाऊ एलेउतेरिओ, तेयो. तरुणपणी खाणीत सुरुंग लावायचं काम केलं, त्यात दोन्ही कान गेले. अगदी ठार बहिरा नव्हता, पण समोरच्याच्या शब्दातलं अर्धं ऐकायचा आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनानं भरायचा. शिवाय कोणाला दुखवायचं नाही म्हणून शेवटी "हो" म्हणायचा. फिनाला ट्रक चालवणाऱ्या एका चांगल्या माणसानं मागणी घातली होती. त्याची एकच अट होती, भावाला मागे ठेवून यायचं. तिनं त्या माणसालाच मागे ठेवलं. पश्चात्ताप कधी झाला नाही, पण तेयोनं चूल विझू दिली की तो ट्रकवाला हमखास तिच्या बोलण्यात यायचा.

त्या वर्षी हिवाळ्यात दोनदा पाऊस झाला होता, त्यामुळे उतार नुसता पांढरा झाला होता. मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारच्या बसची गर्दी असताना दोन जीप खानावळीला वळसा घालून मागे गेल्या. फिनाचे हात पिठात होते. बाहेर काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

जीपमधून उतरलं होतं अफू शोधणारं पथक. वर पर्वतात, ओढ्याकाठच्या घळ्यांमध्ये लोक चोरून अफू लावत. ती शोधायला म्हणून हे पथक जवळच्या सान हासिंतो गावी येऊन बसलं होतं. त्यांचा प्रमुख, लेफ्टनंट सामूदियो, दक्षिणेकडच्या दलदलीच्या मुलखातला, आमच्या वाळवंटात येऊन त्याला पाच आठवडे झाले होते. हातात एक कागद होता, त्यावर अफूच्या फुलाचं चित्र. चित्र काळंपांढरं, तेही नकलेची नक्कल. त्यात पाकळ्या तेवढ्या कळत होत्या.

तेयो शेळ्या सोडून दगडावर बसला होता. लेफ्टनंटनं विचारलं, "आजोबा, हे काय आहे?"

"फूल," तेयो म्हणाला.

"कसलं फूल? आमापोला का?"

आमच्याकडे पिवळी रानफुलं आली तरी आमापोला, पांढरी आली तरी आमापोला. फिनाच्या एका भाचीचं नावही आमापोलाच आहे. लेफ्टनंटच्या कागदावर मात्र आमापोला म्हणजे अफू. "हो," तेयो म्हणाला. "आमापोलाच."

"जमीन कोणाची?"

"माझी. माझी आणि बहिणीची."

"पेरलं कोणी?"

तेयोनं बोट वर केलं. "वरच्यानं."

"पाणी कोण देतं?"

"तोच. त्याच्या मनात येईल तेव्हा."

"विकता?"

तेयोला ऐकू आलं, टिकतात? "हो. पण फार नाही. दोन-तीन दिवस."

हे सगळं एकजण गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं सही मागितली. तेयोला शाळा दोनच वर्षं मिळाली होती, पण सही सुंदर यायची आणि तिचा त्याला अभिमान होता. त्यानं ठसठशीत सही केली. मग शिपायांनी चामड्याचे जाड हातमोजे चढवले, झाडं उपटली, त्यांचा भारा बांधला आणि भाऱ्याशेजारी तेयोला बसवून जीप निघून गेल्या.

फिनाला कळलं ते शेळ्यांमुळे. बारा शेळ्या एकट्याच खानावळीत शिरल्या आणि एकीनं गिऱ्हाइकाच्या ताटातली टोर्टिया ओढली. फिना ओरडत बाहेर आली, तर एक प्रवासी म्हणाला, "बाई, तुमच्या भावाला जीपमधून नेलं वाटतं. मला वाटलं तो हात हलवून तुम्हाला निरोप देतोय."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"तो हसत होता हो."

"तो नेहमीच हसतो!" फिना म्हणाली आणि तिनं चूल विझवली. एकतीस वर्षांत भर दुपारी तिनं चूल विझवलेली कोणी पाहिली नव्हती.

सान हासिंतोची बस आता दुसऱ्या दिवशीच होती. काय करावं या विचारात ती शेळ्या बांधत होती, तेवढ्यात क्रिसोफोरो मुरिएता आपला खटारा ट्रक घेऊन दारात आला. याचा मळा टेकडीच्या माथ्यावर, म्हणून गावात त्याला सगळे "वरचा" म्हणत. एका बोकडावरून भांडण झाल्यापासून नऊ वर्षं तो फिनाशी बोलला नव्हता. आता मात्र ट्रकचं दार उघडायच्या आधीच बोलायला लागला.

"तुझ्या भावानं माझं नाव घेतलं! माझं! जीप आली, माझी कोठी उपसली, पिठाची पोती सुऱ्यांनी फाडली, बायकोच्या पेटीतले कपडे अंगणात टाकले! म्हणे, वरच्यानं पेरलं, वरचा पाणी देतो! उद्या सकाळी मला हजर व्हायला सांगितलंय!"

फिनाला क्षणभर काही समजेना. मग समजलं, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "क्रिसोफोरो, त्यानं देवाचं नाव घेतलं. तुम्ही स्वतःला देव कधीपासून समजायला लागलात?"

"मग देव म्हणायला काय झालं होतं त्याला?"

"उद्या त्यालाच विचारा. तुम्हाला जायचंच आहे, मला तुमच्या ट्रकमधून न्या."

"तुला? माझ्या ट्रकमधून?"

"माझ्याशिवाय जाल तर तुम्हीही 'हो' म्हणून सही करून याल. तुम्हाला तरी कुठे धड वाचता येतं."

पहाटे निघायच्या आधी तिनं कुदळ घेतली आणि उतारावरचं एक चांगलं भरलेलं झाड मुळासकट खणलं. त्याला फूल होतं, शिंगं असलेली कळी होती, दोन हिरवी बोंडं होती. चरबीच्या रिकाम्या डब्यात माती घालून तिनं ते रोवलं. खणताना तीनदा काटे टोचले आणि तीनदा तिनं त्या झाडाची आई काढली. ज्याला सारा जन्म शिव्या दिल्या त्याची वकिली करायला आपणच निघालोय, याचाच तिला जास्त संताप येत होता. डबा ट्रकमध्ये दोघांच्या मध्ये ठेवला. वळण आलं की झाड क्रिसोफोरोच्या मांडीवर कलायचं.

"हे मागे टाक की!"

"मागे वाऱ्यानं पाकळ्या जातील. पुरावा आहे तो. तुम्ही सरळ चालवा."

"रस्ता सरळ असेल तर चालवीन!"

सान हासिंतोच्या कचेरीत लेफ्टनंट सामूदियो सभ्यपणे उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, पाणी विचारलं. तो ओरडला असता तर फिनालाही ओरडता आलं असतं. डबा त्याच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "साहेब, हे चिकालोते आहे. काटेरी रानझाड. अफू नव्हे."

लेफ्टनंटनं कागद काढला, चित्र फुलाशेजारी धरलं. "पाकळ्या बघा बाई. तशाच आहेत."

"चित्रात काटे आहेत?"

"चित्र स्पष्ट नाही."

"मग स्पष्ट चित्र आणा!"

"वरिष्ठांकडे मागितलंय. आणि बाई, तुमच्या भावाचा जबाब आहे. त्यानं स्वतः कबूल केलंय." त्यानं जबाब वाचून दाखवला. वरचा, पाणी, विकणं, सगळं ओळीत लिहिलेलं होतं. कोपऱ्यात टंकयंत्रापाशी बसलेला चष्मेवाला कारकून मान डोलावत होता, जणू हे त्याचंच लिखाण.

"तो बहिरा आहे," फिना म्हणाली.

"तसं त्यानं सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं. तो 'हो' म्हणाला. पण तो सगळ्यालाच हो म्हणत होता, म्हणून ते आम्ही धरलं नाही."

फिनानं डोळे मिटून घेतले. क्रिसोफोरो पुढे सरसावला आणि मी देव नाही, मी मळेवाला आहे, असं मोठ्यानं सांगू लागला, त्यानं घोळ आणखी वाढला. शेवटी कारकून म्हणाला, "तज्ज्ञाचं मत लागेल. लेखी. त्याशिवाय जबाब बदलता येत नाही."

सान हासिंतोत तज्ज्ञ म्हणावा असा एकच, माध्यमिक शाळेतला विज्ञानाचा मास्तर, लिब्रादो मोनरेआल. फिनानं त्याला वर्गातून उठवून आणलं. तो खुशीतच आला, काखेत जाडजूड पुस्तक. झाडाभोवती दोनदा फिरला, पानं उलटून पाहिली आणि म्हणाला, "चिकालोते. यात काही शंका नाही."

"लिहा!" फिना कारकुनाकडे वळली.

"अतिशय रोचक वनस्पती," मास्तर थांबेना. "पापावेरासिए कुळातली. म्हणजे अफूच्याच कुळातली."

कारकुनाचं टंकयंत्र खडखडलं. लेफ्टनंट खुर्चीत पुढे सरकला. "अफूच्या कुळातली?"

"निःसंशय. चुलत भावंडं म्हणा हवं तर."

"मास्तर," फिना हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कोणाच्या बाजूनं आलात?"

"मी विज्ञानाच्या बाजूनं आहे, दोन्या."

"चुलत भावावरून माणसाला धरतात का?" ती लेफ्टनंटकडे वळली. "हे क्रिसोफोरो उभे आहेत ना, यांचा चुलत भाऊ बसचे टायर चोरताना सापडला होता. मग यांनाही टायरचोर लिहा!"

"ते इथं काढायची काय गरज होती?" क्रिसोफोरो लालबुंद झाला. "साहेब, तो माझ्या वडिलांच्या सावत्र भावाचा मुलगा. आमचा त्याच्याशी संबंध नाही."

"ऐकलंत? या झाडाचाही संबंध नाही!"

मास्तरनं पुस्तक चाळत आणखी एक ओळ शोधली: या झाडानं गुंगी येते असं जुने लोक मानत. ते त्यानं मोठ्यानं वाचलं. फिनानं ते पुस्तक त्याच्या हातातून ओढून बंद केलं. "तुम्ही फक्त एवढं लिहा, की हे अफूचं झाड नाही. सही करा आणि जा."

"पण गुंगीचा उल्लेख आहे. मी अर्धवट कसं लिहू? माझी नोकरी आहे, दोन्या." आणि मास्तर सही न करताच शाळेत परत गेला. टंकयंत्रावर मात्र "अफूच्याच कुळातली" हे शब्द राहिले.

दोन वाजता कचेरी जेवायला बंद झाली. चारला उघडली तेव्हा लेफ्टनंट बाहेर गेला होता. निदान भावाला भेटू द्या म्हणून ती अडून बसली. तेयो मागच्या खोलीत पहारेकऱ्यासोबत घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता, अगदी मजेत.

"शेळ्यांचं दूध कोणी काढलं?" त्यानं पहिलं हे विचारलं.

"शेळ्या गेल्या खड्ड्यात! तू आमापोला का म्हणालास?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की कारकून दारात येऊन उभा राहिला.

"मग काय म्हणू? गुलाब?"

"चिकालोते म्हण! नाव आहे ना त्याला!"

तेयोनं शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले. "फिना, त्यानं फुलाचं नाव विचारलं. बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं."

तिला इतका राग आला की तिनं त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं, दोनदा कॉलर झटकली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. डोळ्यांत पाणी होतं ते क्रिसोफोरोला दिसू नये म्हणून तिनं डबा मांडीवर घेतला, आणि काटे परत टोचले.

रात्र तिनं एका दूरच्या मावसबहिणीकडे काढली. सकाळी पाहिलं तर फुलाच्या पाकळ्या गळून डब्यात पडल्या होत्या.

"झालं," क्रिसोफोरो म्हणाला. तोही जाऊ शकत नव्हता, त्याच्याही नावाचा कागद आत होता. "गेला पुरावा."

"पाकळ्यांनीच घात केलाय सगळा. बरं झालं गेल्या त्या," फिना म्हणाली. तेवढ्यात तिच्या मनात काहीतरी आलं. ती तशीच आत गेली.

"साहेब, तुमच्याकडे खरी अफू आहे ना? पकडलेली?"

"आहे. कुलपात."

"एक झाड आणा. माझ्या झाडाशेजारी ठेवा."

"त्याला परवानगी लागते," कारकून म्हणाला.

"कोणाची?"

"साहेबांची."

"साहेब इथेच बसलेत!"

लेफ्टनंटही बहुधा कंटाळला होता. काल कचेरी बंद होईपर्यंत क्रिसोफोरोनं दर अर्ध्या तासानं आत येऊन आपण देव नसल्याचं त्याला सांगितलं होतं. त्यानं किल्ली दिली. कारकुनानं पोत्यातून सुकलेली ताटं आणली, वर पर्वतातून जप्त केलेली.

फिनानं दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली. "हातमोजे न घालता. आधी तुमचं बोंड धरा."

लेफ्टनंटनं अफूचं बोंड बोटांत धरलं. गुळगुळीत, गोल, वर चकतीसारखं झाकण.

"टोचलं?"

"नाही."

"आता माझं."

त्यानं चिकालोतेचं हिरवं बोंड चिमटीत धरलं आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. बोटावर रक्ताचा थेंब आला.

"परवा तुमच्या माणसांनी हातमोजे घालून झाडं उपटली. अफू उपटायला हातमोजे लागतात का, ते एकानंही स्वतःला विचारलं नाही?" तिनं देठ मोडला. पिवळाधमक चीक भळभळून आला आणि थेट जबाबाच्या कागदावर पडला, हळदीसारखा. कारकून किंचाळला. "अफूचा चीक कसला असतो?" फिनानं त्यालाच विचारलं.

"पांढरा. नंतर तपकिरी होतो."

"हा कसला?"

"पिवळा."

"मग लिहा! आणि साहेब, आणखी एक. अफूला पाणी लागतं, म्हणून ते वर ओढ्याकाठी लावतात. आमच्याकडे आठवड्यातून एकदा टँकर येतो, मी भांडी वाळूनं घासते. पाणी असतं तर मी भोपळे लावले असते!"

लेफ्टनंट बोट चोखत कधी या झाडाकडे, कधी त्या झाडाकडे पाहत राहिला. त्याला पटत होतं, पण कागदावर "अफूच्याच कुळातली" होतं आणि खाली मास्तरची सही नव्हती. तेवढ्यात झाडू घेऊन चोनिता आत आली. कचेरी झाडणारी ती म्हातारी टेबल पाहून तिथेच थांबली.

"हे चिकालोते आत कोणी आणलं? काटे वेचायला मी आहेच!"

लेफ्टनंटनं मान वर केली. "तुम्ही ओळखता हे?"

"न ओळखायला काय झालं? तुमच्या खिडकीखालीच आहेत की दोन. आल्यापासून तुम्ही त्यांच्यावर सिगरेटची राख झाडताय, साहेब."

लेफ्टनंट उठला, खिडकीशी गेला आणि वाकून खाली पाहिलं. कचेरीच्या भिंतीला लागून, तुटक्या नळाशेजारी, पांढऱ्या फुलांची दोन झाडं ऐन भरात उभी होती. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. फिनाला त्याची पाठ दिसत होती, आणि कान. कान लाल झाले होते.

"यांना कोणी पेरलं, साहेब?" क्रिसोफोरोनं विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच फिनाला त्याचं बोलणं आवडलं.

तरीही सुटका लगेच झाली नाही, कारण कारकून नियमाला चिकटून बसला. सुटकेच्या अर्जावर तज्ज्ञाच्या मताचा रकाना रिकामा होता. मास्तरला बोलवायला माणूस गेला, मास्तरनं अंग दुखतंय असं कळवलं. शेवटी लेफ्टनंटनं अर्ज स्वतः हातात घेऊन वाचला. तिथे नुसतं लिहिलं होतं, जाणकाराचं नाव आणि व्यवसाय. शिक्षणाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"लिहा," तो म्हणाला. "देल्फिना एगुरोला. खानावळ."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं, पण लिहिलं. तीन प्रतींत. फिनानं तिन्हींवर सही केली, तेयोच्या सहीइतकी सुंदर नाही, पण वाचता येईल अशी. मग क्रिसोफोरो अडून बसला की माझंही लेखी हवं. लेफ्टनंटनं सांगितलं आणि कारकुनानं मुकाट्यानं टंकलं: जबाबातील 'वरचा' म्हणजे परमेश्वर असे निवेदनकर्त्याने स्पष्ट केले असून त्याच्याविरुद्ध कारवाई करण्यात येत नाही.

"त्याच्याविरुद्ध म्हणजे कोणाविरुद्ध?" क्रिसोफोरोनं विचारलं. "माझ्याविरुद्ध की देवाविरुद्ध?"

"दोघांविरुद्ध," लेफ्टनंट म्हणाला. "आता कृपा करून जा."

तेयो पहारेकऱ्याला मिठी मारून निघाला. परतीच्या वाटेवर तिघं ट्रकमध्ये पुढेच बसली, मध्ये तेयो. फाडलेल्या पिठाच्या पोत्यांवरून क्रिसोफोरो बोलत होता, टायरचोराच्या गोष्टीवरून आणखी बोलत होता, आणि फिना तितक्याच जोरात उत्तरं देत होती. तेयो दोघांकडे आळीपाळीनं बघून "हो, हो" म्हणत होता. अर्ध्या वाटेत क्रिसोफोरोनं ट्रक थांबवला, खाली उतरला, दोन मिनिटं एकटाच वाळूत उभा राहिला आणि परत येऊन गाडी चालू केली. मात्र त्यानंतर तो खानावळीत कॉफी प्यायला यायला लागला. यायचा, भांडायचा, जायचा.

महिनाभरानं दुपारी खानावळीपुढे जीप उभी राहिली. फिनाचे हात पिठात होते. सामूदियो आत आला, एकटाच, हातात रुमालात गुंडाळलेलं रोप. "दोन्या फिना, हे काय आहे?"

"टोमॅटो," फिना न बघताच म्हणाली. मग बघितलं. "टोमॅटोच. कोणाच्या परसातून उपटलंत?"

"एका बाईच्या."

"परत नेऊन लावा. आणि तिची माफी मागा. आधी बसा, जेवा."

मग ते नेहमीचंच झालं. कधी सूर्यफुलाचं रोप, कधी गुलखैरा, एकदा तर वाळलेल्या लसणीची फुलं. दर वेळी ती म्हणायची, "देवा, यांना डोळे दिलेस ते कशासाठी?" आणि दर वेळी हात पुसून, रोप उजेडात धरून, त्याचं नाव सांगायची. तो वहीत लिहून घ्यायचा. वर्षभरात त्याला शंभरएक झाडं ओळखता यायला लागली. त्याची बदली दोन वर्षांनी झाली. जाताना त्यानं नव्या प्रमुखाला सोबत आणून तिच्याशी ओळख करून दिली, तेव्हा फिना पुटपुटली, "आता याला पहिल्यापासून शिकवायचं."

तिनं त्यालाही शिकवलं. त्याच्या जागी आलेल्यालाही. पंच्याहत्तरी उलटली तेव्हा दर वसंतात पथकात नव्यानं भरती झालेल्यांना जीपमधून तिच्याकडे आणायची पद्धतच पडली होती. किनाऱ्यावरचे, डोंगरातले, शहरातले आठ-दहा जण तिच्या स्वयंपाकघरात दाटीनं उभे राहायचे. ती एका हातानं टोर्टिया उलटायची आणि दुसऱ्या हातानं मोडलेला देठ त्यांच्या नाकासमोर धरायची.

"चीक बघा. काटे बघा. बोंड बघा. पाकळ्या शेवटी बघायच्या. आणि हात लावलात ना आता? मग आधी साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका, आणि मग बसा. गरम आहे तोवर खा. ए, तू, मागे उभा राहून हसतोयस तो, तुलाच सांगतेय, आधी हात धू."